साडूचा दोन दांड्यांचा डबा

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा मस्कतला नोकरीला होता. दर वर्षी तो सुट्टीवर आला की मला पित्ताचा त्रास सुरू व्हायचा. बायको म्हणायची, पाहुण्यांकडचं तेलकट खाता म्हणून होतं. तेलकटाचा काही संबंध नव्हता. मी जळायचो. आता वय झालंय, लपवून कुणाला दाखवायचंय? आणि तेव्हाही बायकोपासून फार काही लपलेलं होतं असं नाही. ती बिचारी गुपचूप सोड्याची बाटली आणून फडताळात ठेवायची.

पण आधी माझं सांगतो. सुरुवात माझी आहे, आणि नेमकं तेवढंच आमच्या नातेवाइकांच्या लक्षात राहत नाही. रेडिओवर चालणारं विमान आमच्या दोन्ही घरांत पहिल्यांदा उडवलं ते मी. साडूनं नाही. त्यानं ते माझ्याकडे पाहिलं, "अरे वा, भारी आहे हो" म्हणाला, आणि पुढच्या वर्षी मस्कतहून जपानी सेट घेऊन आला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

मी डोंबिवलीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रंगीत टीव्ही नुकते घरोघरी यायला लागलेले, त्या सुमाराची गोष्ट. आठवडाभर मोटारी आणि स्टार्टर उघडायचे आणि रविवारी विमान. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर ताणून चिकटवलेला पातळ कागद, आणि पुढे अंगठ्याएवढं डिझेल इंजिन. त्याचं इंधन मी घरीच मिसळायचो, ईथर, रॉकेल आणि एरंडेल. त्या वासानं घरात पाहुणे टिकायचे नाहीत. "हा वास घेऊन मी आमटीत मीठ कसं चाखायचं सांगा," असं बायको म्हणायची. मी गॅलरीत जायचो.

आणि रेडिओ तर मी स्वतः बनवलेला. लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून, जुन्या मासिकातल्या सर्किटवरून. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, वर एरियल म्हणून लांब सळई, आणि डब्यावर एकच बटण. दारावरच्या बेलचं बटण असतं ना, तेच. विमानाच्या पोटात रिसीव्हर आणि शेपटीपर्यंत पीळ भरून ठेवलेला रबर. बटण एकदा दाबून धरलं की तो रबर गचका द्यायचा आणि सुकाणू उजवीकडे वळायचं. दाबून, सोडून, पुन्हा दाबून धरलं, म्हणजे दोनदा, की डावीकडे. संपलं. वर-खाली नाही, इंजिन कमी-जास्त करणं नाही. इंधन संपलं की विमान आपलं आपण खाली यायचं, जिथे यायचं तिथे. हुकूम सोडायचा प्रश्नच नव्हता, आम्ही विनंती करायचो. पण त्या एका बटणावर मी विमान गोल फिरवून पायाशी आणून उतरवलेलं आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा. अंगठ्यात बसलेलं होतं ते. झोपेतून उठवून "डावीकडे" म्हटलं असतं तरी अंगठा दोनदा हलला असता.

रबराला पीळ भरायचं काम माझ्या लेकीचं. चौथीत होती ती. हँडड्रिलच्या तोंडाला आकडा लावून ती गरागरा फिरवायची आणि मोठ्यानं मोजायची. रबरावर गाठींचा दुसरा थर चढला की थांबायचं, हे तिला मी एकदाच सांगितलेलं. मानपाड्याच्या पुढे तेव्हा नुसती भातशेतं होती. कापणी झाल्यावर आम्ही दोघं तिथे जायचो. विमान लांब गेलं की ती धसकटांतून अनवाणी पळत जाऊन घेऊन यायची. वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, माझे बाबा विमान उडवतात. एका मुलीचे बाबा बँकेत साहेब होते, पण आमची म्हणायची, "ते काय, नुसते बसतात." मला आणखी काय पाहिजे होतं? तेवढंच पाहिजे होतं.

मग आला तो सेट.

साडूचा फ्लॅट ठाण्याला, नौपाड्यात. त्या रविवारी आम्हाला जेवायला बोलावलेलं. जेवण झाल्यावर त्यानं पलंगाखालून खोकं काढलं. थर्माकोलमध्ये रुतवून ठेवलेला चंदेरी डबा, त्याला दोन छोट्या चकचकीत दांड्या. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दांडी जितकी सरकवावी तितकंच विमानाचं सुकाणू सरकणार, जरा तर जरा, पूर्ण तर पूर्ण. वर-खाली, डावं-उजवं, इंजिनचा जोर, सगळं बोटांत. त्यानं दांडी हलवली की टेबलावर ठेवलेलं, विमानात बसवायचं छोटं यंत्र घुईं करून मान वळवायचं. माझी लेक टेबलाला चिकटून उभी.

"काका, दाबायचं कुठे?"

"दाबायचं नाही गं. नुसतं धरायचं. बघ, हात दे."

तिनं दांडी हलवली. घुईं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्या यंत्राकडे. मी म्हटलं, "छान आहे." तेवढंच म्हटलं. दुसरा शब्द निघाला असता तर तो काही छान नसता.

एक गोष्ट सांगायला पाहिजे. साडूला मूलबाळ नव्हतं. दवाखाने झालेले, नवस झालेले, मेव्हणी रडून रडून थकलेली. त्याचं मला वाईट वाटायचं. रविवार सोडून.

कारण रविवारी आम्ही बाळकुमला जायला लागलो. तिथे तेव्हा टॉवर-बिवर काही नव्हतं. गाव, शेतं, आणि शेतांच्या पलीकडे खाडी. एका शेतकऱ्याचं मोठं मोकळं शेत होतं, त्याच्या घरी मासेमारीही होती. साडूनं त्याला अत्तराची बाटली दिली आणि जागा आमची झाली. आमचा नियम असा ठरला की ज्याचं विमान वर, त्यानं मनगटाला लाल रिबीन बांधायची, आणि रिबीन ज्याच्याकडे नाही त्यानं आपला डबा चालू करायचा नाही. नियम बरोबरच होता. दोन डबे एका वेळी बोलले तर विमानाला कुणाचं ऐकावं कळत नाही. त्यातून माझा घरगुती डबा म्हणजे चाळीतल्या भांडणासारखा, सगळ्या बाजूंना ऐकू जाणारा. तो चालू झाला की साडूचं विमान हवेत उचक्या द्यायला लागायचं. त्यामुळे व्हायचं असं की रिबीन सकाळभर त्याच्या मनगटाला आणि मी बांधावर डबा मांडीवर घेऊन बसलेला. माझं विमान पाच-सात मिनिटांत खाली यायचं. त्याचं पुन्हा पुन्हा वर.

"या साडूभाऊ, तुम्ही पण घ्या की हातात," असं तो दर वेळी म्हणायचा. मनापासून म्हणायचा, हाच तर त्रास होता. मी म्हणायचो, "नको. आम्हाला आपलं आमचं बरं." एकदाही हात लावला नाही मी. अगदी एकदाही नाही. मला वाटायचं, हात लावला की मी हरलो.

दुसऱ्या वर्षी त्यानं कहर केला. मोठ्या डब्याला जोडायचा शिकाऊ डबा आणला. तशाच दोन दांड्या, पण आत रेडिओ नाही. दोन डब्यांच्या मध्ये टेलिफोनसारखी वेटोळ्याची वायर. गुरूनं मोठ्या डब्यावरचं स्प्रिंगचं बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याच्या हातात. काही चुकतंय असं वाटलं की गुरूनं बोट उचलायचं, की विमान परत गुरूकडे. अक्कल आहे त्यात, मी नाही कशाला म्हणू?

आणि त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला माझी लेक.

दोघं शेताच्या मधोमध शेजारी उभे राहायचे, वायरीनं बांधलेले, माना एकाच बाजूला वर केलेल्या. "जरा सोड… हां… आता ओढ हळूच… शाब्बास!" शाब्बास म्हणे! हँडड्रिल कुणी धरायला शिकवलं हिला? वारा कुठून येतो ते चिमूटभर माती उडवून बघायचं कुणी सांगितलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी येताना रिक्षात ती बडबड बडबड करायची, काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले. मी म्हणायचो, "खिडकीबाहेर हात काढू नकोस." वास्तविक रिक्षाला कुठली आलीय खिडकी!

मांडीवर माझा डबा असायचा. बटण एकदा दाबलं असतं तर ते जपानी विमान वर गडबडून गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पण दाबलं नाही. साडूच्या विमानाची कीव आली म्हणून नाही, त्या वेळी ते विमान लेकीच्या हातात असायचं म्हणून.

त्या वर्षी सुट्टी संपवून जाताना साडू सगळा सेट, विमानासकट, आमच्या डोंबिवलीच्या घरी घेऊन आला. "ह्याच्या बॅटऱ्या पडून राहिल्या की मरतात, साडूभाऊ. मधून मधून चार्ज करा. आणि पोरीला घेऊन उडवत राहा, तिचा हात छान बसलाय. फक्त मोठा डबा मोठ्या माणसाच्या हातात हवा." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आमच्या दीड खोलीत ते खोकं कपाटावर चढलं आणि लेकीची भुणभुण सुरू झाली.

"बाबा, जाऊ या ना. तुम्ही फक्त बटण दाबून धरा. बाकी मी करते."

बायको भाजी निवडत होती. ती खाली बघूनच म्हणाली, "येत नसेल तर तसं सांगा ना तिला. त्यात काय?"

त्यात काय! पोरगी वर्गात सांगत फिरते माझे बाबा विमान उडवतात, आणि मी तिला सांगायचं की हे विमान मला येत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, "न यायला काय झालं? ह्यापेक्षा अवघड केलंय आपण." आणि खरं सांगू का, एकदा तरी त्या वायरीच्या ह्या टोकाला मला उभं राहायचं होतं. बास. शाब्बास म्हणायचं होतं.

थंडीतली सकाळ होती, वारा पडलेला. बाळकुमच्या शेतात आम्ही दोघंच. तिनंच इंजिन चालू करायला सांगितलं, तिनंच एरियल ओढून लांब केली, तिनंच वायर जोडली. रिबीन मात्र तिनं माझ्या मनगटाला बांधली. मला फार बरं वाटलं. मी बटण दाबून धरलं आणि विमान तिच्या हातात गेलं.

जमिनीवरून उचलायचं काम एरवी साडू करायचा. तिनं ते पहिल्यांदाच केलं, आणि असं केलं की मला "शाब्बास" म्हणायलाही सुचलं नाही. विमान धावलं, उचललं, खाडीच्या बाजूला गेलं, वळलं. ती ओठ दाताखाली धरून बघत होती. मी बोट घट्ट दाबून उभा. दोन चकरा झाल्या, तीन झाल्या. मग मला जमल्यासारखं वाटायला लागलं. मीच उडवतोय असं वाटायला लागलं.

चौथ्या फेरीला ती विमान जरा खालून आणत होती. शेताच्या कडेला आंब्याचं झाड. मला वाटलं, झाडावर जातंय. आता डावीकडे घ्यायला पाहिजे, आत्ता, लगेच. आणि अंगठ्यानं इतक्या वर्षांचं पाठ केलेलं केलं. बटण सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं. डावीकडे म्हणजे दोनदा.

पण हे बटण ते नव्हतं. सोडलं त्या क्षणी विमान तिच्याकडून माझ्याकडे आलं. आणि माझ्या हातातल्या मोठ्या डब्यावरची इंजिनची दांडी पार खाली होती, कारण तिला मी हातच लावला नव्हता. इंजिनला हुकूम मिळाला, बस. पुन्हा दाबलं तेव्हा तिचा हुकूम, पळ. पुन्हा बस, पुन्हा पळ. इंजिन खोकललं आणि बंद पडलं. वळणात असलेलं विमान नाक खाली करून सरळ बांधावर. आवाज आला, फळकूट मोडावं तसा. झाडापासून कितीतरी अलीकडे. झाडावर ते जातच नव्हतं.

शेताचा मालक टोपली घेऊन खाडीकडे निघालेला, तो थांबला. "इमान परला कं रं?"

"पडलं," मी म्हणालो.

आम्ही तुकडे गोळा करायला लागलो. पंख मधून गेलेला, नाक चेपलेलं, पंख्याचं एकच पातं शिल्लक. मी म्हणत होतो, वारा आला असेल, रेडिओत काहीतरी गडबड असेल, जपानी असलं म्हणून काय झालं. ती ऐकत होती. रिक्षात बसल्यावर मोडका पंख मांडीवर घेऊन ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही दोनदा दाबलंत ना? डावीकडे जावं म्हणून?"

जगात दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. त्या रबराला वर्षानुवर्षं पीळ भरला होता तिनं. मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटलंच," आणि बाहेर बघायला लागली. घरी गेल्यावर आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडून पडलं." मी मोजे काढत होतो, काढत राहिलो.

साडू पुढच्या सुट्टीत आमच्याकडे आला. बायको आणि मेव्हणी स्वयंपाकघरात, आम्ही बाहेरच्या खोलीत. मी खोकं खाली उतरवून त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो उघडून बघतोय तोच लेक येऊन उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आणून एका दमात म्हणाली, "काका, सॉरी. मी पाडलं. वळताना माझ्या हातून इंजिन बंद झालं."

मी तोंड उघडलेलं. उघडलं आणि मिटलं.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं मग रडतेस कशाला? पाडल्याशिवाय कुणी शिकलंय का? ह्या सुट्टीत आपण दोघं नवीन बांधू. जा, मावशीनं तुझ्यासाठी काय आणलंय बघ." ती गेली. मला त्याचाही राग आला. क्षमा करायची तीसुद्धा ह्यानंच, आणि इतकी छान!

तो बराच वेळ मोडका पंखा बोटानं फिरवत बसला. बायको चहा ठेवून गेली. मग आवाज उतरवून तो म्हणाला, "साडूभाऊ, तिच्या हातून वळणात इंजिन बंद व्हायचं नाही. तिची डावी, इंजिनची दांडी वळताना हलतच नाही कधी, मी बघितलंय ना. मोठ्या डब्यावरची दांडी खाली असली आणि बटणावरचं बोट सुटलं, तरच असं होतं."

मी कप पुढे ओढला.

"तुमच्यासाठी खोटं बोलली ती," तो म्हणाला. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. आत स्वयंपाकघरात ती मावशीला काहीतरी सांगून खिदळत होती, तिकडे त्याचं लक्ष होतं. "माझ्यासाठी कोण बोलणारंय हो असं?"

अशा वेळी माणसानं काहीतरी म्हणायचं असतं. अहो, असं काय म्हणता, तुमच्यावरही तिचा तेवढाच जीव आहे, ती तुमचीच मुलगी समजा. सगळं मला सुचलं, जिभेवर आलं. खरंही होतं ते. त्याचे डोळे भरून आलेले मला दिसत होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नाही असं काहीतरी माझ्याकडे होतं, आणि ते त्यालाही कळलेलं होतं.

आता जळ लेका तू, मी मनात म्हटलं. बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून सावकाश प्यायलो.